आजीची ओवी नातीच्या गळ्यात कशी उतरते

ज्यांनी घरच्या जात्यावर रोजचं दळण दळलं, अशा बायका आज बहुतेक सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या सुना-नातींनी लहानपणी ओव्या ऐकलेल्या असतात, एखादी पाठही असते. पण स्वतः म्हणायला बसलं की दोन ओव्यांनंतर काही सुचत नाही. आजीला मात्र एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा तासभर सुचत जातात. लोक म्हणतात, जुन्या बायकांची स्मरणशक्तीच दांडगी. स्मरणशक्ती असतेच, पण खरं कारण दुसरं आहे. ओवी म्हणजे दोघींनी मिळून करायचं काम. ते काम ज्या मांडणीत चालायचं तिच्यातच शिकणंही व्हायचं. मांडणी मोडली आणि शब्द तेवढे मागे राहिले. म्हणून आजीकडून ओव्या घ्यायच्या असतील, तर आधी ती मांडणी समजून घ्यायला हवी.

जात्यापाशी दोघी

जात्याला दगडाच्या दोन तळ्या असतात. खालची स्थिर, वरची फिरणारी. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो आणि मधोमध तोंड. त्या तोंडातून मुठीमुठीने धान्य सोडायचं, त्याला वैरण घालणं किंवा घास घालणं म्हणतात. घास मोठा पडला तर पीठ जाडसर येतं आणि जातंही जड होतं. घास वेळेवर पडला नाही तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. दगड गुळगुळीत झाला की धान्य नीट फुटत नाही, तेव्हा जातं टाकवून घ्यावं लागतं, म्हणजे छिन्नीने दगडावर पुन्हा टाके पाडून घ्यायचे.

ज्वारी-बाजरीचं घरभराचं दळण एकटीला भारी पडतं. म्हणून दोघी समोरासमोर बसायच्या, एक पाय लांब, दुसरा मुडपलेला, आणि एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीने आपल्याकडे ओढलं की दुसरीने पुढे रेटायचं. वैरण बहुधा एकीकडेच असायची. ओव्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की दोघींचे हात एका लयीत यावेच लागतात. एक घाईत आणि दुसरी सावकाश असेल तर खुंटा हिसके देतो, मनगट दुखतं. ओवी म्हटली की लय आपोआप जुळते. ओवीची लय हातातून येते. तिला ना ताल असतो ना मात्रांचा हिशेब, आणि पुढच्या पिढीची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. त्याबद्दल पुढे.

हा प्रकार फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ११२९ च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ओवीची पहिली ओळख बायकांच्या कामाशी जोडलेली आहे. ज्ञानेश्वरांनी ओवीत ग्रंथ लिहिला तो त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १२९० साली.

ओवी जुळते कशी

जात्यावरची ओवी लिहून पाहिली तर दोन ओळींची दिसते. प्रत्येक ओळीचे दोन भाग आणि ओळींच्या शेवटी यमक. समजावण्यापुरती एक ओवी इथे रचून घेऊ:

पहाटेच्या पारी | हात जात्याच्या खुंट्याला
बंधू माझा गं शेतात | पाणी देतो गं कांद्याला

वाचायला पाच सेकंद लागतात. गायला लागलं की हीच ओवी चांगली लांबते. पहिली बाई उचलते: 'पहाटेच्या पारी बाई, पहाटेच्या पारी गं, हात जात्याच्या खुंट्याला.' मग अख्खी ओळ पुन्हा. तोवर समोरची तिच्या सुरात मिसळलेली असते. मग 'बंधू माझा गं शेतात' इथे थोडं थांबून, 'सांगते बाई तुला' अशी भर घालून, शेवटी 'पाणी देतो गं कांद्याला'. पुन्हा पहिली ओळ, पुन्हा दुसरी.

ही पुनरावृत्ती वरवर निरर्थक वाटते. पुस्तकात छापताना ती गाळतातच. पण ओवी जुळवणारीला विचार करायला मिळणारा वेळ तोच असतो. पहिली ओळ दोन-तीनदा येत असताना मन दुसऱ्या ओळीचा शेवट शोधत असतं. 'खुंट्याला' म्हटलं की त्याला जुळणारं काय? भाऊ आठवला तर 'कांद्याला'. लेक आठवली तर हीच पहिली ओळ कायम ठेवून असं होईल:

लेक माझी गं चालली | बस गाठाया फाट्याला

पहिली ओळ आईची, दुसरी लेकीची, असं शेकडो वेळा झालेलं आहे. म्हणूनच एका ओवीची मालकीण कोण, हा प्रश्न सुटत नाही आणि सोडवायची गरजही नाही. बाई आपल्या कानात तयार तुकड्यांचा साठा बाळगते: 'पहाटेच्या पारी', 'बंधू माझा', 'बया माझी', 'सांगते बाई तुला'. साठा आईकडून, आजीकडून, जावेकडून आलेला. त्यातून आजच्या मनातलं काय बांधायचं, ते तिचं. आजी तासभर म्हणू शकते ती यामुळे. तिला ओव्या पाठ असतात त्याहून जास्त ओव्या करता येतात.

भोंडल्याच्या गाण्यांशी ताडून पाहिलं की फरक कळतो. भोंडल्याचं गाणं ठरलेलं असतं, सगळ्याजणी एकदम म्हणतात, शब्द चुकला तर चारजणी दुरुस्त करतात. ते पाठांतराने टिकतं, शाळेतही टिकतं. ओवी पाठांतराने फक्त जपून ठेवता येते, चालू राहात नाही.

दुसरी गोष्ट गळ्याची. चालीला बायका गळा म्हणतात. शब्द पन्नास आणि गळे तीन-चार, असा साधारण प्रकार. एका गावच्या, एका घरच्या बायकांचा गळा ओळखू येतो. शब्द कागदावर उतरतात, गळा उतरत नाही. स्वर लिहून काढले तरी श्वास कुठे घेतला, शब्द कुठे मोडला आणि 'गं' वर किती रेंगाळली, हे समोर बसूनच घ्यावं लागतं.

माहेरची ओवी, सासरची ओवी

मुलगी ओवी पायरीपायरीने उचलायची. आधी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपेत ऐकायची. थोडी मोठी झाली की शेजारी बसून वैरण घालायची, म्हणजे हाताला लय कळायची. मग खुंट्याला हात. मग ओळीच्या शेवटाला सूर मिसळणं. नंतर कधीतरी आई पहिली ओळ म्हणून थांबते आणि दुसरी ओळ मुलीच्या तोंडून येते. 'आता तू म्हण' असं कुणी बजावत नसे. आई वैरण घालायला वळली, तिला दम लागला, की ती जागा मुलीने भरायची.

मग लग्न. मुलगी दुसऱ्या गावी जाते आणि तिच्यासमोर आई नसते, सासू किंवा जाऊ असते. मराठी ओवीचा प्रवास कळायला हे वळण सगळ्यात महत्त्वाचं. माहेरचा साठा घेऊन आलेली सून सासरच्या बायकांचा गळा उचलते आणि सासरच्या बायका तिचे तुकडे उचलतात. बहुतेक मुली गावाबाहेर दिल्या जात, त्यामुळे ओव्या लग्नांच्या वाटेने पसरल्या. एकाच ओळीची रूपं दूरदूरच्या तालुक्यांत सापडतात ती यामुळे.

सासू-सुनेचं नातं इथे वेगळंच दिसतं. तोंडाने जे बोलायची सोय नव्हती ते ओवीत म्हणता येई. सून आईची आठवण काढायची, कामाचा शीण जात्यालाच सांगायची. जात्याला देव मानून, त्याला 'ईश्वरा' म्हणून हाक मारून सांगितलेल्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. समोर बसलेल्या सासूला ते ऐकूच येत असे. कधी ती न बोलता खुंटा ओढत राही, कधी उत्तरादाखल आपली ओवी टाके. तिनेही कधीकाळी तेच भोगलेलं. ओव्या सासुरवासाला मोडून काढू शकल्या नाहीत, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण दोन पिढ्यांतल्या बायकांना रोज पहाटे एकमेकींचं दुःख ऐकण्याची एक जागा त्यांनी दिली.

जुन्या गळ्यात नवा मजकूर भरणंही पिढ्यांमधलंच देणंघेणं. दलित बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या हे त्याचं ठळक उदाहरण. आई ज्या चालीवर रामाचं, विठ्ठलाचं नाव घ्यायची, त्याच चालीवर लेकीने भीमरावांचं नाव घेतलं आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्धाचं. गळा आजीचा, विचार नातीचा. परंपरा टिकते ती अशी बदलूनच.

गिरणी आली तेव्हा काय गेलं

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावी पिठाच्या गिरण्या झाल्या. बायकांची पहाटेची दोन-तीन तासांची कंबर मोडणारी मेहनत वाचली. ती परत यावी असं कुणीही म्हणू नये. ज्यांनी दळलं त्या तर कधीच म्हणत नाहीत. पण त्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसण्याची वेळ गेली. ज्या मुलींनी खुंट्याला हात लावला नाही त्यांच्या कानात ओव्या आल्या, जुळवण्याची सवय आली नाही. साखळी तुटली ती इथे.

त्याच सुमारास लिहून ठेवणाऱ्यांचं काम वाढलं. साने गुरुजींनी आधीच ओव्यांचा मोठा संग्रह केला होता. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या मालेतून बायकांची गाणी छापून आणली. खानदेशात बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने त्यांची गाणी उतरवून घेतली म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर ती छापता आली. आणि जात्यावरच्या ओव्यांचं सर्वांत मोठं काम गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभं केलं. १९८० च्या दशकात मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांपासून सुरुवात झाली आणि पुढे हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ध्वनिमुद्रणही झालं, सुमारे १२० तासांचं. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत गेला, मूळ आवाजांसह. ज्यांच्या घरात आजी उरली नाही त्यांनी गळा ऐकायला तिथे जावं.

घरच्या बाईकडून ओव्या घ्यायच्या तर

पहिल्या दिवशी हमखास ऐकू येणारं वाक्य: 'आता काही आठवत नाही गं.' ते टाळण्यासाठी म्हटलेलं नसतं. ओव्या हाताच्या हालचालीशी आणि समोरच्या बाईशी जोडलेल्या असतात. खुर्चीवर बसवून, समोर फोन धरून 'म्हण बरं ओव्या' म्हटलं की दोन्ही धागे तुटतात.

म्हणून हाताला काम द्या. घरात जातं असेल तर पावशेर तांदूळ किंवा डाळ घ्या, एवढं पुरे. आजीला खाली बसणं जमत नसेल, गुडघे दुखत असतील, तर टेबलावर पालथी वाटी ठेवून ती गोल फिरवायला द्या. बघणाऱ्याला विचित्र वाटेल, पण हात फिरायला लागला की दहा मिनिटांत फरक दिसतो. आणि समोर तुम्ही बसा, वाटीला तुमचाही हात लावा. तिच्या जुन्या सोबतिणींपैकी कुणी असेल, जाऊ, नणंद, शेजारीण, तर तिला आधी बोलवा. दोघी म्हाताऱ्या एकत्र आल्या की एकीची अर्धी ओळ दुसरी पुरी करते आणि तुम्हाला विचारायचं काम राहत नाही.

'सगळ्या ओव्या सांग' असं विचारू नका. नात्याने विचारा. भावाची म्हण. लेकीची म्हण. तुझी आई काय म्हणायची? पंढरीच्या वाटेची आहे का एखादी? सुरुवात देवाच्या ओव्यांनी करून द्या, जात्यापाशीही क्रम साधारण तसाच असे: आधी देव, मग आईबाप, मग भाऊ, लेकरं, आणि पोटातलं सगळ्यात शेवटी. 'पहिली माझी ओवी', 'दुसरी माझी ओवी' ही मोजणीची माळ सुरू करून दिली तर फारच उत्तम, कारण आकडाच पुढची ओळ ओढून आणतो.

सासरच्या ओव्या विचारताना घरात कोण आहे ते पाहा. सून चहा आणून देत असताना आजी सासुरवासाची ओवी म्हणणार नाही, मुलगा बाहेर बसला असेल तरी नाही. दार लोटून घ्या, किंवा तो विषय दुसऱ्या दिवसावर ठेवा.

ध्वनिमुद्रण फोनवर चालतं, थोडी काळजी घेतली तर. फोन फ्लाइट मोडवर. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. जातं फिरत असताना फोन फरशीवर ठेवला तर घरघर जमिनीतून चढते आणि शब्द बुडतात. चार घड्या केलेल्या चादरीवर किंवा स्टुलावर, म्हणणारीच्या तोंडापासून दीड-दोन हात लांब ठेवा. जात्याची घरघर पूर्ण काढायचा प्रयत्न करू नका, लय त्यातच ऐकू येते. सुरुवातीला तारीख, म्हणणारीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव स्पष्ट बोलून घ्या. अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त नको. म्हातारा गळा बसला की बाई लाजून पुढच्या वेळी नको म्हणते.

मग सगळ्यात उपयोगी पायरी, जी बहुतेक जण वगळतात: तिथल्या तिथे तिला ऐकवा. स्वतःचा आवाज ऐकताना ती चुका सुधारते, गाळलेली ओळ भरते, 'हिच्यापुढं अजून एक आहे' म्हणते. एका बैठकीतल्या ओव्या अशाने सहज दीडपट होतात.

लिहून घेताना दोन रूपं ठेवा: गायली तशी, सगळ्या पुनरावृत्तींसकट, आणि बोलून सांगितली तशी, दोन ओळींची. बोली सुधारू नका. ती 'पानी' म्हणाली तर 'पानी' लिहा, 'शाळंला' तर 'शाळंला'. प्रमाण केलं की यमक मोडतं आणि लय अडखळते, शिवाय गावही पुसलं जातं. अडलेला शब्द कोऱ्या जागेत अंदाजाने भरण्यापेक्षा ध्वनिमुद्रणातली वेळ लिहून ठेवा आणि विचारा; शेती, भांडी, दागिने यांची जुनी नावं नातीला ठाऊक नसतात आणि चुकीच्या अंदाजाने अर्थच फिरतो.

परवानगी वेगळी विचारा, आणि स्पष्ट: फक्त घरात ठेवायचं, नात्यातल्या ग्रुपवर टाकायचं, की सगळ्यांसाठी? ओव्यांत जिवंत माणसांची नावं असतात, जुनी भांडणं असतात. रविवारी सहज पाठवलेली फाइल सोमवारी दुसऱ्या घरात रडारड करू शकते.

आता म्हणायला शिकणाऱ्यांबद्दल. नव्या मुली बहुतेक तीन ठिकाणी अडतात. एक, सूर फार वर लावतात. जात्यावर वाकून, दम लागत असताना म्हणायची ही चाल आहे, ती खालच्या-मधल्या पट्टीतच बसते. दोन, ढोलकी किंवा मोबाइलचा ताल लावतात. मग 'गं' वरचं रेंगाळणं कापलं जातं आणि ओवीची भावगीताची कडवी होतात. तीन, तिसऱ्या दिवसापासून मंचावर म्हणायची घाई करतात. आधी आजीच्या ओळीच्या शेवटाला नुसता सूर मिसळा, आठवडाभर तेवढंच. मग तिने पहिली ओळ म्हटली की दुसरी तुम्ही भरा. यमक ओबडधोबड जमलं तरी चालेल. लोककानाला 'खुंट्याला' आणि 'गावाला' एवढंही पुरतं. आईची, आजीची ओळ पहिली आणि आपल्या आयुष्यातलं काही दुसरीत: लोकल, हॉस्टेल, सासूबाईंची शस्त्रक्रिया, परदेशी गेलेला भाऊ. आजी हसेल, कदाचित शब्द बदलून देईल. ती बदलून देते तेव्हाच शिकणं सुरू झालेलं असतं.

जातं अजून फिरतं ती जागा

लग्नात घाणा भरताना जातं बाहेर निघतं. जात्याला हळदकुंकू लावतात, खुंट्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, आणि सुवासिनी मिळून हळकुंडं किंवा मूठभर गहू दळतात. तपशील घराघरात वेगळे. अनेक ठिकाणी आता हे दोन मिनिटांत, फोटोपुरतं उरकतात आणि गाणं स्पीकरवर लावतात. इथे थोडं नियोजन केलं तर शिकण्याची जुनी मांडणी जशीच्या तशी मिळते: जातं आहे, सगळ्या पिढ्यांतल्या बायका आहेत, आणि म्हणायला निमित्तही आहे. घरातल्या जाणत्या बाईला महिनाभर आधी सांगून ठेवा की ओव्या तुम्हीच म्हणायच्या, स्पीकर लागणार नाही. छायाचित्रकाराला या वेळेपुरतं मागे थांबायला सांगा. तिच्या समोर खुंट्याला नवरीच्या वयाची एखादी मुलगी बसवा, जिने आठवडाभर सूर मिसळण्याचा सराव केलाय. नवऱ्या मुलाचं किंवा मुलीचं नाव, आईबापांची नावं, गावाचं नाव आधी विचारून घ्या, कारण घाण्याच्या ओव्यांत ती गुंफायची असतात आणि ऐनवेळी मामाचं नाव आठवलं नाही की ओळ लटकते. पाच-सात ओव्या पुरतात, वीस मिनिटं लागतात. दळलेली हळद नवरीला लावायची असते, त्यामुळे हळकुंडं आदल्या दिवशी खडबडीत कुटून ठेवा, अख्खी टाकली तर जातं अडतं आणि ओवी मध्येच थांबते.